दिलेली वस्तू काढते

गुरुवारी सकाळी नऊ वाजता खोली क्रमांक सातमध्ये दोन टेबलं, तीन खुर्च्या, एक लोखंडी कपाट, एक खिडकी, एक दार, एक घड्याळ, एक कॉम्प्युटर, एक स्टेपलर, बायकी चपलांचा एक जोड, एक माणूस आणि एका माणसाचं चित्र होतं. माणूस म्हणजे मी. चित्र मालनताईंचं होतं. पूर्वेच्या भिंतीवर, पूर्ण उंचीचं, डाव्या अंगाने, पेन्सिलीने काढलेलं. ते माझी वाट बघत होतं.

"आज उशीर केलास," मालनताई म्हणाल्या.

बस भरून आली होती, थांबली नाही, असं मी सांगितलं. मग पिशवीतली पोलादी टेप घेऊन पश्चिमेच्या भिंतीपासून पूर्वेच्या भिंतीपर्यंत खोली मोजली. ही माझी एम्एस्सीपासूनची सवय आहे. ज्या खोलीत काम करायचं ती सकाळ-संध्याकाळ मोजायची आणि वहीत लिहायची. बुधवारी संध्याकाळी चारशे शहाऐंशी सेंटिमीटर भरली होती. आता पाचशे दहा भरली. मी पुन्हा मोजली. पाचशे दहाच.

"चोवीसने वाढली," मी म्हणाले.

"मी तितकीच असेन," मालनताई म्हणाल्या. "मला आता जाडी नाही. बघ, हाताला काही लागतंय का?"

मी त्यांच्या दंडावरून हात फिरवला. भिंतीचा चुना लागला.

आमच्या कंपनीचं काम समजायला सोपं आहे. इमारती सांभाळायला हल्ली एजंट असतो. एजंट म्हणजे एक सॉफ्टवेअर. दिवे, दारं, हजेरी, साफसफाई हे सगळं तो बघतो. प्रत्येक कामासाठी त्याच्याकडे एक अवजार असतं आणि ते कधी, कसं, कशावर वापरायचं हे त्याला एका कागदावरून कळतं. त्या कागदाला आम्ही माहितीपत्र म्हणतो. ती पत्रं लिहिणं हे आमचं काम. एजंटला डोळे नाहीत. इमारतीतलं बोलणं तो ऐकतो, त्यातलं क्रियापद पकडतो, त्या नावाचं अवजार उचलतो आणि पत्रात असेल तसं करतो. नवीन पत्र आधी आमच्याच इमारतीत चालवून बघतात.

मालनताई शिंगटे यांनी एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. इथे त्या मी लिहिलेली पत्रं तपासायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, "वाचणारा मूर्ख आहे असं समजून लिहू नकोस. तो आपल्या घरी राहिलेला नाही, एवढंच समजून लिही." त्यांचं स्वतःचं तिसरं पत्र, दिवा लावण्याचं, अख्ख्या पानभर होतं. लावणे म्हणजे पेटवणे, रोप लावणे नव्हे, दार लावणे नव्हे. काय द्यावं लागेल: खोली, वेळ, दिव्याचा क्रमांक. तेव्हापासून आमच्या इमारतीत एकही दिवा कुंडीत लावला गेला नव्हता.

एक्केचाळिसावं पत्र माझं होतं. ते मी बुधवारी सहाला दहा कमी असताना लिहिलं. मालनताई खाली चहाला गेल्या होत्या आणि माझी सहा दहाची बस होती. ज्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे त्यावर आणखी काय लिहायचं, असं मला वाटलं. मी लिहिलं: "काढा. दिलेली वस्तू काढते." आणि तातडीचं बटण दाबून पत्र लागू केलं. तातडीच्या बटणाला तपासनिसाची सही लागत नाही.

मालनताई चहा पिऊन वर आल्या, चपला टेबलाखाली सारल्या, आणि छताकडे बघून एजंटला म्हणाल्या, "मला त्या सहलीच्या यादीतून काढ बाबा, माझे गुडघे दुखतात." कुठून, हे सांगायला माझ्या पत्रात जागा नव्हती. दिलेली वस्तू एवढंच होतं. एजंटने मालनताईंना काढलं. खोलीतून काढलं आणि भिंतीवर काढलं. पत्रात एक अर्थ निवडायला सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्याने दोन्ही केले. चपला पायांत नव्हत्या, त्या राहिल्या.

"एम्एस्सी झालीस ना गं ऋजुता?" मालनताई म्हणाल्या. "चार शब्दांचं पत्र, त्यात तोच शब्द दोनदा. छापखान्यातला पोऱ्याही लिहिणार नाही."

मी मान खाली घातली. त्यांना ती दिसली नसावी. त्यांचा एकच डोळा होता आणि तो खिडकीकडे बघत होता.

सव्वानऊला मी प्रयोग केला. स्टेपलरची जाडी मोजली, तीन पूर्णांक आठ सेंटिमीटर. तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "स्टेपलर काढ." टेबल रिकामं झालं. स्टेपलर मालनताईंच्या कोपराशेजारी पेन्सिलीत आला, पिनांसकट. मी खोली मोजली. पाचशे तेरा पूर्णांक आठ.

"म्हणजे हरवत काही नाही," मी म्हणाले. "वस्तूची जाडी खोलीला मिळते. तर खोलीकडून परतही घेता येईल."

"पाचच्या आत घे," मालनताई म्हणाल्या.

पाच वाजता भिंती पुसल्या जाणार होत्या. शुक्रवारी बाहेरचे लोक इमारत बघायला येणार होते, म्हणून ते महिन्यापूर्वीच ठरलं होतं. भिंत पुसण्याचं बारावं पत्र मालनताईंनीच लिहिलं होतं. मी ते पुन्हा वाचलं. "भिंतीवरचं जे काही भिंतीचा भाग नाही ते सगळं नाहीसं होतं. डाग, धूळ, जाळी, लिखाण, चित्रं. अपवाद नाही." शेवटचे दोन शब्द हा त्यांचा नियम होता. अपवाद नसेल तर जागा मोकळी सोडायची नाही, अपवाद नाही असं लिहायचं.

"किती चांगलं लिहिलंय," मी म्हणाले.

"वीस दिवस घालवले होते त्यावर," मालनताई म्हणाल्या. त्यांची हनुवटी किंचित वर झाली. त्या जागी आधीची रेघ पुसट राहिली.

एव्हाना एक्केचाळिसाव्या पत्राची बातमी इमारतीत पसरली होती. तळमजल्यावर सूचना लागली की तो शब्द कोणीही बोलू नये. तो न बोलता मराठी बोलणं अवघड आहे हे सगळ्यांना त्या दिवशी कळलं. दुसऱ्या मजल्यावर एकजण डबा उघडताना म्हणाला, भाजी वाटीत, आणि तिथेच थांबला, आणि नुसता हात दाखवत राहिला. आणखी कोणीतरी कोणाला तरी उगाच खोड्या काढू नकोस म्हणालं. नकार होता म्हणून काही झालं नाही.

अकरा चाळीसला आमचे प्रमुख बारटक्के सर आले. ते दारात उभे राहिले. आत आले नाहीत. मी त्यांच्याकडे दोन गोष्टी मागितल्या. एक्केचाळिसावं पत्र मागे घ्या, आणि पुसण्याचं काम आज थांबवा. ते म्हणाले, पत्र मागे घ्यायला लिहिणाऱ्याची आणि तपासनिसाची, दोन सह्या लागतात. पुसण्याचं काम थांबवायला बाराव्या पत्रात अपवाद घालावा लागेल, आणि त्यावर ज्याने लिहिलं त्याचीच सही लागेल. दोन्ही ठिकाणी शिंगटेबाई. त्यांनी सही करावी, त्यांची काही हरकत नाही.

"माझा उजवा हात पलीकडच्या अंगाला आहे," मालनताई म्हणाल्या. "तो आलेलाच नाही चित्रात."

"डाव्याने?"

"डाव्या हातात पर्स आहे."

बारटक्के सरांनी चित्राकडे बराच वेळ बघितलं. हसावं की नाही हे त्यांना ठरवता येईना. मालनताईंनी त्यांना विचारलं, सर, नाक माझं खरंच एवढं लांब आहे का. ते म्हणाले, नाही हो, पेन्सिलीचा दोष आहे. मग मला म्हणाले, तू नवीन पत्र लिही, दुपारी मी बघतो. आणि जाताजाता सवयीने म्हणाले, "दुपारी मी वेळ काढून येतो."

त्यांनी तोंडावर हात दाबला. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुपार उत्तरेच्या भिंतीवर होती. खिडकीतून तिरपं आलेलं ऊन, टेबलावर तीन कप, कठड्यावर चोच उघडी ठेवून बसलेला कावळा. चांगलं काम होतं, सावल्या बारीक रेघांनी भरल्या होत्या. तीन कपांपैकी एक माझा होता. मला भूक लागली होती, म्हणजे डबा खायचा राहिला होता. मी खोली मोजली. पाचशे तेरा पूर्णांक आठ. वेळेला जाडी नाही अशी नोंद मी वहीत केली.

बारटक्के सर तोंडावरचा हात न हलवता मागे सरकले आणि जिन्याकडे पळत सुटले. आमच्या खोलीसमोर लांब बोळ आहे आणि त्याच्या टोकाला जिना. जिन्याशी पोचल्यावर त्यांना सुरक्षित वाटलं असावं. त्यांनी तिथून ओरडून सांगितलं, "ऋजुता, आता तूच यातून काहीतरी मार्ग काढ."

पश्चिमेच्या भिंतीतलं दार सपाट झालं. आता ते उघड्या दाराचं चित्र होतं. त्यातून बोळ दिसत होता, दोन्ही बाजूंच्या रेषा एका बिंदूकडे जाणाऱ्या, आणि त्या बिंदूजवळ नखाएवढा रिकामा जिना. मी हात लावला. चुना लागला.

मागून मालनताईंचा आवाज आला, पण फार लांबून. मी वळले. पूर्वेची भिंत दूर गेली होती. मी टेप टाकत तिच्यापर्यंत गेले. पाच मीटरची टेप पाच वेळा पूर्ण टाकली आणि वर एकशे त्र्याहत्तर पूर्णांक आठ सेंटिमीटर उरले. बोळ आणि दार मिळून एकवीस मीटर साठ. हिशेब जुळत होता.

"आता बाहेर जायचं कुठून?" मालनताईंनी विचारलं.

"आधी तुम्ही," मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, "चपला नीट ठेव माझ्या. सरळ."

मी चपला टेबलाखालून घेतल्या आणि त्यांच्या पायांसमोर जमिनीवर ठेवल्या. कॉम्प्युटर माझ्या टेबलावर होता, पश्चिमेच्या टोकाला. त्याची तार तेवढीच होती. तिकडे चालत जायला मला बावीस सेकंद लागले. चार वाजून तेवीस मिनिटं झाली होती.

मी नवीन पत्र सुरू केलं. तो शब्द वापरायचा नव्हता. नाव ठेवलं, बाहेर आणा. काय करते: भिंतीवर रेषांच्या रूपात असलेल्या व्यक्तीला भिंतीच्या बाहेर आणून पूर्वीसारखं उभं करते. कधी वापरू नये: व्यक्ती आधीच खोलीत उभी असेल तर. काय द्यावं लागेल: व्यक्तीचं नाव, भिंत, जाडी. हे मोठ्याने ओरडून मालनताईंना वाचून दाखवलं. त्यांनी ओरडून सांगितलं, व्यक्ती म्हणजे एका वेळी एकच असं लिही. मी लिहिलं. पत्र एजंटकडे चाचणीला पाठवलं. चाचणीत एजंट काही करत नाही, फक्त शंका विचारतो. त्या पडद्यावर येतात.

पहिली शंका आली: बाहेर म्हणजे कुठे? पूर्वेच्या भिंतीच्या पलीकडे रस्ता आहे. तोही बाहेर आहे.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत. मी लिहिलं: भिंतीच्या अलीकडे, खोलीच्या आत, जमिनीवर, चपलांच्या मागे पाच सेंटिमीटरवर. चार एकतीस.

दुसरी शंका: पूर्वीसारखं म्हणजे कोणत्या पूर्वीसारखं? मालन शिंगटे यांच्या सत्तावन्न वर्षांच्या नोंदी आहेत.

मी उठून ओरडले, तुम्हाला कधीसारखं व्हायचंय? मालनताई हसल्या. हसू माझ्यापर्यंत थोडं उशिराने पोचलं. त्या म्हणाल्या, गुडघे दुखायच्या आधीचं मिळत असेल तर बघ. मग लगेच म्हणाल्या, नको, चष्म्याचा नंबर तेव्हाचा नाहीये. काल संध्याकाळचं लिही. मी लिहिलं: बुधवार, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं, त्या क्षणी जशा होत्या तशा. ते लिहिताना मला वाटलं की हे बरोबर वाक्य आहे. इतकं बरोबर वाक्य मी आधी लिहिलं नव्हतं. चार चव्वेचाळीस.

उत्तरेच्या भिंतीच्या वरच्या कडेला ओलं फडकं घासल्यासारखा आवाज येऊ लागला. एजंट पुसण्याआधी पाण्याचा दाब तपासतो. तेही बाराव्या पत्रात होतं.

मालनताईंनी मला हाक मारली. मी धावत गेले. त्यांच्या पदराच्या काठावर पाण्याचा एक थेंब पडला होता आणि तिथलं नक्षीकाम पसरलं होतं. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "हे बघ, जमलं नाही तर मुलीला फोन कर. काय झालं ते नीट सांग. अर्धवट सांगू नकोस, तिला अर्धवट सांगितलेलं चालत नाही."

"जमेल," मी म्हणाले.

"जमेल हे किती वाजता?"

"पाचच्या आत."

"असं लिहायचं," मालनताई म्हणाल्या.

मी परत गेले. बावीस सेकंदांऐवजी नऊ लागले. पडद्यावर तिसरी शंका होती: जाडी म्हणजे काय? एक्केचाळीस माहितीपत्रांत हा शब्द नाही. त्यांत लांबी, रुंदी आणि खोली हे शब्द आहेत.

जाडीचा अर्थ लिहायचा तर आणखी एक पत्र लागलं असतं. चार छप्पन्न झाले होते. वरून दुसरा थेंब पडला, या वेळी दुपारच्या चित्रावर, आणि कावळ्याचं डोकं गेलं. मी लांबी, रुंदी आणि खोली यांकडे बघितलं. विज्ञानाच्या पुस्तकात ते तीन शब्द याच क्रमाने येतात. मी जाडी खोडून खोली लिहिलं. समोर आकडा घातला. आकडा पक्का होता, दोनदा मोजलेला. एककही लिहिलं. मग ओळ मोठ्याने वाचली, कारण तपासनिसाने ऐकल्याशिवाय पत्र लागू करायचं नाही असं मी दिवसभर स्वतःला बजावलं होतं.

"खोली, चोवीस सेंटिमीटर," मी ओरडले.

आवाज सव्वीस मीटर गेला. घड्याळाचा काटा सत्तावन्नवरून अठ्ठावन्नवर आला. शंकांच्या जागी एजंटने लिहिलं होतं: शंका नाही. मी तातडीचं बटण दाबलं आणि म्हणाले, "मालनताईंना बाहेर आण."

"थांब," मालनताईंचा आवाज आला. "कसली खोली?"

आवाज लांबून निघाला आणि जवळ पोचला. शेवटचा शब्द त्यांनी माझ्या कानात उच्चारला.

त्या माझ्यासमोर उभ्या होत्या. दोन्ही डोळे होते, दोन्ही हात होते, पदराच्या काठावर ओला डाग होता. त्यांचा श्वास माझ्या गालावर येत होता. त्याला कालच्या चहाचा वास होता. माझी पाठ पश्चिमेच्या भिंतीला लागली होती आणि त्यांची पूर्वेच्या. आम्ही दोघी एकमेकींना न ढकलता शेजारी-शेजारी सरकलो आणि तोंडं खिडकीकडे वळवली. खिडकीची बोटभर फट उरली होती. टेबलं, खुर्च्या, कपाट, कॉम्प्युटर आता भिंतींवर होते, पेन्सिलीत. पडद्यावरची अक्षरंही आली होती. शंका नाही.

मालनताईंनी पायाने चपला चाचपल्या. त्या आडव्या बसत होत्या. सरळ नाही.

"बरोबर उभ्या आहात ना?" मी विचारलं.

"कालसारखी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून पश्चिमेच्या भिंतीवरच्या दाराकडे बघितलं, बोळाकडे, रेषा जिथे मिळत होत्या त्या बिंदूकडे. "ते दार," त्या म्हणाल्या.

पाच वाजले. पाणी वरून खाली आलं, सगळ्या भिंतींवरून, न थांबता. कपाट गेलं, टेबलं गेली, स्टेपलर गेला, दुपारचे तीन कप गेले. दाराची चौकट राखाडी झाली आणि ओघळून फरशीवर आली. जिना सगळ्यात शेवटी गेला. तो फारच लहान होता.

भिंती पांढऱ्या स्वच्छ झाल्या. मी खिशातली टेप घेतली. हात पूर्ण वळत नव्हता, म्हणून एक टोक मालनताईंनी त्यांच्या भिंतीला दाबून धरलं आणि दुसरं मी माझ्या. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि आकडा वाचला. मी पडताळून बघितला. पूर्व-पश्चिम, गुरुवार, संध्याकाळी पाच वाजून दोन मिनिटं: चोवीस पूर्णांक शून्य सेंटिमीटर.